काजू सोलणाऱ्या ताईंची हाडदुखी: व्हिटॅमिन डी, दुपारचं ऊन आणि आठवड्याची एक कॅप्सूल

या ताई वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावच्या. वय ४६, दोन मुलं, मोठा मुंबईला नोकरीत, धाकटा शिकतोय. आठ वर्षांपासून काजूच्या कारखान्यात सोलायच्या कामावर. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की यातली जवळपास प्रत्येक गोष्ट माझ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसते आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी वेळीच विचारल्या तर कळण्यासारख्या असतात.

शिमगा आटोपल्यावर त्या पहिल्यांदा आल्या. तक्रार दोन वर्षांची. आधी कंबर, मग मांड्या, मग बरगड्या, आणि आता "सगळी हाडां ठणकतत". सोबत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागदांची चळत. संधिवाताची तपासणी झालेली, नॉर्मल. युरिक ॲसिड नॉर्मल. कमरेचा एक्स-रे, त्यावर "वयोमानानुसार थोडी झीज". वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठ्या बऱ्याच, त्यांच्याबरोबर पित्ताच्या गोळ्या. मधे कुठेतरी "ताकदीची सुई" घेतलेली, पण ती कसली याचा कागद नाही. कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या, तुटक तुटक.

दुखण्यापेक्षा मला त्यांचं एक वाक्य महत्त्वाचं वाटलं. "डॉक्टरांनू, बसलंय काय उठाक जमना नाय. पायांत जीवच नाय रवलो." दुखतं म्हणून उठता येत नाही आणि ताकद नाही म्हणून उठता येत नाही, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. संधिवाताचा रुग्ण कण्हत कण्हत का होईना, उठतो. या ताई उठूच शकत नव्हत्या.

मी त्यांना बुटक्या स्टुलावर बसवलं आणि हात छातीशी घडी घालून उठायला सांगितलं. त्या पुढे झुकल्या, पाय सरकवले, पुन्हा झुकल्या. जमलं नाही. मग हात सोडा म्हटल्यावर एक हात गुडघ्यावर आणि दुसरा टेबलाच्या कडेवर ठेवून त्यांनी स्वतःला वर ढकललं. चालताना कमरेतून दोन्ही बाजूंना किंचित झोल जात होता. पायाच्या नळीवर, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं तिथे, मी अंगठ्याने बेताचं दाबलं आणि त्यांनी पाय झटकन मागे ओढला. छातीच्या मधल्या हाडावर तेच. सांध्यांना मात्र सूज नाही, गरमपणा नाही, सकाळचा आखडलेपणा नाही. दुखणं सांध्यांत नव्हतं, हाडांतच होतं. मांड्या आणि खुब्यांचे स्नायू कमजोर, हाड दाबल्यावर दुखतं आणि चाल अशी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की हाड मऊ पडण्याचा आजार, म्हणजे ऑस्टिओमलेशिया, डोक्यात आलाच पाहिजे. लहान मुलांत याच कमतरतेने मुडदूस होतो.

तपासण्या मोजक्याच केल्या, कारण पैसे त्यांच्या खिशातून जाणार होते. रक्तातलं कॅल्शियम ८.३, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही जरा खाली. फॉस्फरस २.३, तोही कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांत आणि यकृतात तयार होणारं एन्झाइम) २१२, जवळपास दुप्पट. क्रिएटिनिन ०.८, किडनी चांगली. हिमोग्लोबिन १०.२. यकृताच्या बाकीच्या तपासण्या ठीक होत्या, म्हणजे वाढलेलं फॉस्फेटेज हाडातूनच येत होतं. खरं तर निदान एवढ्यावरच जवळजवळ झालं होतं. मग २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं डी याच रूपात मोजतात) आणि पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियम कमी पडलं की हे वाढतं) पाठवलं. डी आलं ६.८ नॅनोग्रॅम, पॅराथायरॉइड १४८ (वरची मर्यादा ६५). जांघेत दुखत होतं म्हणून ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे काढून घेतला. ऑस्टिओमलेशियात खुब्याजवळ बारीक चिरा पडतात आणि त्या कमरेच्या एक्स-रेत दिसत नाहीत. सुदैवाने चीर नव्हती.

आकड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण रिपोर्टवर लाल अक्षरात "डेफिशियंट" दिसलं की लोक घाबरतात. २० च्या खाली कमतरता हे बहुतेक सगळे मानतात. २० ते ३० च्या मधल्या पट्ट्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये हाडांच्या दृष्टीने २० पुरेसं धरलं, तर त्याच वर्षी हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने ३० सांगितलं. पुढे २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात याच सोसायटीने हा ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नये असं सांगितलं. त्यामुळे २३ किंवा २६ आलं आणि बाकी काही त्रास नाही, तर तो आजार धरायचं कारण नाही. पण ६.८, सोबत वाढलेलं फॉस्फेटेज आणि उठता न येणं, याबद्दल कुठल्याच तज्ज्ञाचं दुमत होणार नाही.

आता प्रश्न पडतो तो हा, की कोकणात, समुद्राच्या काठावर, जिथे वर्षातले सात-आठ महिने ऊन डोळ्यांवर येतं, तिथे हाडं मऊ पडण्याइतकी डी ची कमतरता कशी होते?

दिवस कसा जातो, हे विचारल्यावर

मी त्यांना सकाळी उठल्यापासूनचा दिवस क्रमाने सांगायला लावला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच होती आणि तिला पैसे पडत नाहीत.

पहाटे पाचला उठायचं. पेज, भाकरी, डबे. साडेसातला कारखान्याचा टेम्पो रस्त्यावर येतो, त्याआधी पाणी भरणं, झाडलोट. आठला कामावर. पत्र्याची मोठी शेड, वर पंखे, बाजूला जाळीच्या खिडक्या. अंगात ॲप्रन, डोक्याला टोपी. पुढ्यात भाजून फोडलेल्या गराची परात, हातात छोटी सुरी, आणि तांबडी साल निघून अख्खा गर राहिला पाहिजे, पाकळी होता कामा नये. पैसे किलोवर, त्यामुळे मधे उठणं म्हणजे स्वतःच्या मजुरीतून उठणं. जेवणाची सुट्टी अर्धा तास, तीही शेडमध्येच, कारण बाहेर ऊन. साडेपाचला सुटायचं, घरी पोचेपर्यंत दिवस कलतो. रविवारी कपडे, सारवण, बाजार. घराभोवती माड, फणस, पोफळी. खळ्यात दिवसभर सावली असते आणि ती गारवा देते म्हणूनच तिथे घर बांधलेलं असतं.

कारखान्यात जायच्या आधीची पंधरा-सोळा वर्षं त्या स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शेतात राबत होत्या. लावणी, कापणी, मग हिवाळ्यात कुळीथ, भाजी. मुलगा मुंबईला गेला, शेतमजूर मिळेनात, दोन कुणगे पडीक पडले आणि ताई शेडमध्ये गेल्या. हे फक्त त्यांच्या घरातलं नाही. किनारपट्टीवरच्या कितीतरी बायकांचं काम गेल्या पिढीत उन्हातून छपराखाली आलं आहे: काजू, आंबा प्रक्रिया, मासळीचे प्लांट, शिवणकाम, दुकान. काम हलकं झालं, मिळकत नियमित झाली, हे चांगलंच झालं. फक्त त्याबरोबर ऊनही गेलं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

या गोष्टीला जुना दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन नावाच्या डॉक्टरांनी नाशिकमध्ये मुडदूस झालेल्या मुलांचा अभ्यास केला. मुडदूस दिसला तो खात्यापित्या पण पडद्यात राहणाऱ्या घरांतून. आहार हलका असूनही उघड्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो कमी होता. व्हिटॅमिन डी ला नाव मिळालं तेही याच सुमाराला, १९२२ मध्ये.

मग मी विचारलं, "ऊन अगदीच अंगावर येत नाही का?" त्या ठामपणे म्हणाल्या, "येता तर! मी रोज सकाळी कवळ्या उन्हात बसतंय." दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून सातच्या सुमाराला दहा-पंधरा मिनिटं त्या पायरीवर न चुकता बसत होत्या. साडी पायघोळ, अंगावर शाल.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण कोवळ्या उन्हाचा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो, डॉक्टरही देतात. कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं ते सूर्यप्रकाशातल्या एका छोट्या पट्ट्यामुळे, ज्याला अल्ट्राव्हायोलेट बी म्हणतात. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे येतात, हवेचा आणि ओझोनचा लांब पल्ला पार करतात आणि हा पट्टा वाटेतच गळून जातो. ऊन दिसतं, ऊब लागते, पण ज्यासाठी बसलो ते त्यात नसल्यात जमा असतं. सकाळच्या उन्हाने झोपेची वेळ सुधारते, मन प्रसन्न होतं, तेवढ्यासाठी जरूर बसा. हाडांसाठी त्याचा भरवसा धरू नका.

ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा सूर्य पुरेसा वर आहे. वेंगुर्ल्याच्या अक्षांशावर मे महिन्यात ही वेळ साधारण साडेनऊ ते साडेतीन असते, पण डिसेंबरात अकरा ते दोन एवढीच. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तोही बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला, कारण घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशावर लावलेलं आहे. म्हणजे ताई ज्या वेळी शेडमध्ये डबा उघडत होत्या नेमकी तीच वेळ कामाची होती, आणि बाहेर ऊन म्हणून त्या आत बसत होत्या.

शिवाय काचेतून हा पट्टा येत नाही, एसटीच्या किंवा गाडीच्या बंद खिडकीशी बसून काही मिळत नाही. जाड कापडातून येत नाही. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कातडीतलं मेलॅनिन हेच किरण अडवतं. आणि पावसाळा! सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी डी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. चरबीत साठा असेल तर तो काही काळ पुरतो, ज्याचा साठाच रिकामा त्याने चार महिन्यांचं आभाळ कसं काढायचं?

आहाराचंही विचारलं. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत डी असतं, अंड्याच्या बलकात थोडं. ताई मासे खातात, पण सोमवार, गुरुवार, श्रावण, गणपती वगळून, आणि जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असते तेव्हा सुकट किंवा सुका बांगडा. दूध फक्त चहात. आहारातून गरज भागणं कुणालाच सोपं नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) प्रौढांसाठी रोजचे ६०० युनिट सांगितले आहेत आणि एका अंड्यातून मिळतात जेमतेम ४०च्या आसपास. "प्लस एफ" खूण असलेल्या दुधात डी मिसळलेलं असतं, तेही लिटरला २०० ते ३०० युनिट. वाईट नाही, पण चहापुरत्या दुधातून ते किती जाणार. कॅल्शियमसाठी मात्र कोकणातलं ताट बरं आहे: १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी. ताईंनी सोयीसाठी नाचणी सोडून तांदळाची पेज धरली होती. ती बदलायला त्यांना आनंदच वाटला.

आतड्यांचा जुना आजार, फिट्सची औषधं, टीबीची औषधं यांनीही डी घटतं. तसं काही नव्हतं.

औषध कसं दिलं

६.८ वर असलेल्या आणि स्टुलावरून उठू न शकणाऱ्या बाईला नुसतं उन्हात बसा म्हणणं योग्य नव्हतं. ऊन सावकाश काम करतं, आणि दोन महिन्यांवर पावसाळा होता. म्हणून कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन डी ३) ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, नेहमीच्या आठऐवजी बारा आठवडे, कारण हाडांत आजार उतरला होता. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दोन्ही जेवणांनंतर. हे महत्त्वाचं आहे: मऊ हाडं भरायला लागली की रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, नुसतं डी दिलं आणि कॅल्शियम दिलं नाही तर सुरुवातीला ते आणखी उतरू शकतं. रक्तवाढीची लोहाची गोळीही द्यायची होती. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह शोषलं जात नाही, म्हणून ती रात्री झोपताना.

सुई दिली नाही. दवाखान्यात "एकदाच टोचा, मोकळं करा" अशी मागणी रोज होते. पण भरमसाठ डोस एकदम देण्याचा अनुभव चांगला नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षातून एकदा ५,००,००० युनिट दिलेल्या गटात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं.

कॅप्सूल कधी घ्यायची, यावर आम्ही बराच वेळ बोललो. डी चरबीत विरघळतं, म्हणून रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घेतलेलं कमी शोषलं जातं. आणि आठवड्याची गोळी विसरते. मी "रविवारी घ्या" म्हणणार होतो, पण ताईंनीच सुचवलं, की आठवडी बाजाराच्या दिवशी ताजा बांगडा येतो, तिखलं होतं, त्या जेवणावर घेईन. याहून चांगली वेळ मलाही सुचली नसती. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा बाजारवारांना धाकट्या मुलाने गोल केले, गोळी घेतली की आत फुली.

हे एवढं तपशिलात सांगतो कारण ६०,००० ची गोळी रोज घेतली जाण्याची चूक आपल्याकडे खरोखर होते. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" वाचलं जात नाही, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हीही रोज घेतली जाते, पुन्हा चिठ्ठीशिवाय आणली जाते. अशा विषबाधेच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ६०,००० युनिट वजनाने फक्त दीड मिलिग्रॅम, पण रोजच्या गरजेच्या शंभरपट. रक्तातलं कॅल्शियम चढलं की तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, नंतर भ्रम, आणि किडनीला इजा. उन्हाने असं कधी होत नाही, कारण कातडी जादा तयार झालेलं स्वतःच मोडून टाकते. गोळीला असा बांध नसतो.

उन्हाची सोय लावणं जास्त अवघड गेलं. कारखान्याच्या मागे बी वाळवायचं मोठं खळं आहे. ताजी बी तिथे दोन-तीन दिवस पसरून, परतून वाळवतात. मला वाटलं, ताईंनी रोज तासभर सोलण्याऐवजी बी परतायचं काम मागावं. त्यांनी हिशेब मांडून दाखवला: ते काम रोजंदारीवर, सोलणं किलोवर, आणि महिन्याला जो फरक पडतो त्यात धाकट्याच्या बसचा पास निघतो. माझा सल्ला त्यांच्या खिशातून जात होता. तो मी सोडून दिला.

शेवटी ठरलं ते असं: साडेबाराच्या सुट्टीत डबा खळ्याच्या कडेला खायचा. ॲप्रन-टोपी काढून ठेवायची, ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर, साडी पोटरीपर्यंत, पाठ उन्हाला. पंचवीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. सोबत पाण्याची बाटली, आणि कातडी चुरचुरली किंवा डोकं जड झालं की लगेच सावलीत. एप्रिल-मेचं ऊन थट्टेवारी न्यायचं नाही. मुकादमाला मी दोन ओळींची चिठ्ठी दिली, कारण ताईंना स्वतः विचारायचा संकोच होता. त्याने हरकत घेतली नाही. आठवड्याभरात आणखी तिघी त्यांच्याबरोबर बसायला लागल्या.

पुढचे महिने

चौथ्या आठवड्यात कॅल्शियम ८.८ झालं. दुखणं बरंचसं तसंच होतं आणि त्या निराश होत्या. मी पुन्हा स्टुलावर बसवलं. या वेळी हात न लावता, दुसऱ्या प्रयत्नात, त्या उठल्या. स्नायूंची ताकद आधी येते, हाडांचं दुखणं मागाहून कमी होतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगायची पद्धत ठेवली आहे, नाहीतर महिन्याभरात औषध सुटतं. वेदनाशामक गोळी त्यांनी स्वतःहून निम्म्यावर आणली होती.

याच भेटीत एक गोष्ट कळली. पाकिटात जेवढ्या कॅप्सूल उरायला हव्या होत्या त्यापेक्षा तीन कमी होत्या. सोबत आलेले पती जरा अवघडून म्हणाले, "तिका गुण इलो म्हणान मी पण घेतलंय." हे गृहस्थ ५३ वर्षांचे, ब्लड प्रेशरची गोळी चालू, तिच्यात क्लोरथॅलिडोन, आणि पूर्वी दोनदा मुतखडा. क्लोरथॅलिडोनच्या जातीच्या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून ठेवतात. वर बायकोच्या कॅल्शियमच्या गोळ्याही ते घेत होते. तीन आठवड्यांत तीन कॅप्सूल हे प्रमाण भीती वाटावी असं नव्हतं, तरी कॅल्शियम तपासलं, १०.२ आलं, मर्यादेत. दोन्ही बंद केलं. त्यांना राग येऊ नये म्हणून मी समजावलं, की ही तुमच्या गोळीशी आणि खड्याशी न जमणारी गोष्ट आहे, तुम्ही उन्हात बागेत काम करता, तुम्हाला तिची गरजही नसावी. एका घरात एकाचं औषध दुसऱ्याने घेणं आपुलकीतूनच होतं. म्हणून डी लिहून देताना घरात बीपीचं कोण, मुतखड्याचं कोण, हे विचारायला हवं.

बारा आठवड्यांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, डी ३४, कॅल्शियम ९.१, पॅराथायरॉइड ७१, फॉस्फेटेज १३८. फॉस्फेटेज सगळ्यात शेवटी उतरतं, ते पूर्ण खाली यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. त्यासाठी डोस वाढवायचा नसतो. पुढे महिन्याला एक कॅप्सूल सांगितली, म्हणजे दिवसाला सरासरी २००० युनिट. रोजच्या १००० किंवा २००० युनिटच्या छोट्या गोळ्या हा पर्याय मला अधिक पटतो, शरीराला सम मात्रा मिळते. पण त्या त्यांना महाग पडत होत्या आणि रोजच्या आणखी एका गोळीला त्या कंटाळल्या होत्या. जे घेतलं जाईल तेच औषध.

पण पावसाने गणित बिघडवलंच. ऑगस्टची कॅप्सूल लावणीनंतरच्या तापात राहून गेली, सप्टेंबरची गणपतीत. कॅलेंडरवर गोल होते ते बारा बाजारवारांचेच, पुढच्या महिन्यांचे कुणी केले नव्हते. खळ्यावर बसणं जूनमध्येच थांबलं होतं. ऑक्टोबरात कंबर पुन्हा धरली म्हणून आल्या, तेव्हा डी २२. फॉस्फेटेज मात्र ११२, नॉर्मलमध्ये आलेलं, आणि स्टुलावरून त्या सहज उठत होत्या. म्हणजे हाडं भरत होती. कंबरेचं दुखणं बुटक्या पाटावर आठ-नऊ तास वाकून बसण्याचं होतं, त्याला डी चा काही इलाज नाही. त्यासाठी पाटाची उंची वाढवली, परात ठोकळ्यावर घेतली, पाठीचे दोन व्यायाम दिले. सगळं दुखणं एका रिपोर्टच्या माथी मारलं की अशा साध्या गोष्टी राहून जातात.

त्यांची धाकटी जाऊ आणि दोन मैत्रिणी त्याच सुमाराला "आमची पण डी तपासा" म्हणून आल्या. चार आकडी खर्च, तिघींनाही तक्रार काही नाही. मी तपासणी केली नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज २००० युनिट देऊनही हाड मोडण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना कमतरता नाही त्यांना वरून दिलेल्या डी चा उपयोग दिसला नाही. त्या तिघींपैकी दोघी शेडमध्येच काम करतात, त्यांना दुपारची जागा आणि नाचणी सांगितली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रोजचे ६०० ते १००० युनिट घ्यायचे तर तपासणीशिवाय घेता येतात, हेही सांगितलं. तिसरीला मात्र जिने चढताना मांड्या भरून येत होत्या, हे तिने जाता जाता सांगितलं. तिला स्टुलावर बसवून उठवलं, नळी दाबून पाहिली आणि फॉस्फेटेज-कॅल्शियम पाठवलं. ते नॉर्मल आलं. तिचा थायरॉइड बिघडलेला निघाला.

ताईंची महिन्याची कॅप्सूल आता दर महिन्याच्या पहिल्या बाजारवारी आहे. या वेळी वर्षभराच्या कॅलेंडरवर गोल करून घेतले, त्यातले जून ते सप्टेंबरचे चार लाल पेनाने. दिवाळीनंतर खळ्यावरचं जेवण पुन्हा सुरू झालं, पण हिवाळ्यात तिथे साडेबारालाच दक्षिणेकडच्या जांभळाची सावली कोपऱ्यात राहते, म्हणून त्या आता विहिरीच्या बाजूला बसतात. कॅल्शियमची गोळी एकावर आणली आहे, नाचणीची भाकरी संध्याकाळी असते. पुढची तपासणी मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. तेव्हा डी ३० च्या आसपास असेल तर पावसाळ्यात हाच डोस, २० च्या खाली असेल तर जूनपासून पंधरा दिवसांनी एक. पतीचा मुतखडा आणि कॅल्शियम यांची तपासणी त्याच दिवशी ठेवली आहे.